घारीचं शुद्धिपत्र

आंबेरकर गेले आणि पंधरवड्याच्या आत आमच्या ज्ञानकोशात चर्चा निघाली, की त्यांच्यावर एक लेख करायला हवा. आमचा ज्ञानकोश इंटरनेटवरचा. कोणीही लिहावं, कोणीही सुधारावं. पगार कोणालाच नाही, भांडणं मात्र भरपूर. लेख ठेवायचा की काढायचा यावर सात दिवस मतं घेतात आणि मग निकाल लागतो. आंबेरकरांच्या बाबतीत पहिलं मत मी दिलं : ‘वगळा.’ कारण लिहिलं : स्वतंत्र छापील संदर्भ नाहीत. दोघातिघांना राग आला. एकीने तर मला दगडाच्या काळजाची म्हटलं. तिला काय सांगणार? मला त्या माणसाची माया होती, म्हणूनच ते मत माझ्याकडून यायला हवं होतं. स्वतःवरचा लेख दिसला असता तर त्यांनीच तो पाच मिनिटांत उडवला असता.

तिथे ते बसत नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे. इथे मला कोणी पुरावा मागणार नाही.

तसे ते कुठेच बसत नसत. परळच्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही पाचसहाजण दर रविवारी जमायचो आणि गिरणगावातल्या गणेशोत्सव मंडळांच्या जुन्या स्मरणिका स्कॅन करायचो. ही कल्पना त्यांचीच. पंच्याहत्तरीचा माणूस, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात निळी पेन्सिल. आम्ही खुर्च्यांवर, आणि हे टेबलाभोवती फेऱ्या मारताहेत. चहा आला की उभ्यानेच दोन घोटांत संपवायचा आणि पुन्हा चालू. मी गिरगावातून बसने यायची, विमा कंपनीत आठवडाभर मान मोडून काम केलेलं असायचं, आणि डोळ्यांसमोरून सारखा एक पांढरा शर्ट जातोय. पहिल्या रविवारी मी वैतागून म्हटलं, “काका, जरा बसा ना. मला गरगरतंय.”

“डोळे मिटून काम करा,” ते म्हणाले आणि पुढे गेले.

टेबलाच्या पलीकडे उभे राहून ते आमचं लिखाण उलटं वाचायचे. आधी मला पत्ताच नव्हता. मी कागदावर मसुदा लिहीत असायची आणि समोरून आवाज यायचा, “तिसऱ्या ओळीत ‘प्रसिद्ध’ म्हटलंय. कोणी ठरवलं?” पुढे कळलं, की गिरगावातल्या एका छापखान्यात ते तीस वर्षं कंपोझिटर होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या. ओळ उलटी दिसते, उलटीच वाचायची. छापखाना बंद पडून जमाना झाला, तरी सवय गेली नव्हती. एखादं वाक्य नीट तपासायचं असलं की कागद ते मुद्दाम उलटा धरायचे. म्हणायचे, सुलट वाचताना माणूस अर्थाच्या मागे पळतो आणि चुका तशाच राहतात. उजव्या हाताची बोटं सतत काहीतरी उचलून ठेवत असायची, बोलतानाही, रस्ता ओलांडतानाही.

नव्या माणसाने मोठ्या तोऱ्यात “पण हे छापून आलंय!” असं म्हटलं, की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं. “छापलंय ते दिसतंय. कोणी छापलं ते सांगा.”

माझगावच्या एका जुन्या प्याऊवर कोणीतरी लेख लिहिला होता. पाणपोई अमक्या शेठजींनी बांधली, दगडावर तसं कोरलेलं आहे, असा त्यात मजकूर. आंबेरकर भर दुपारी तिथे गेले, नाण्याने रंगाचे थर खरवडले, आणि दगडावर नाव शेठजींचं नाही, त्यांच्या विधवा बहिणीचं आहे हे शोधून काढलं. आम्ही खूश झालो. मी लगेच लेखात दुरुस्ती करायला घेतली, तर म्हणाले, “संदर्भ काय देणार?”

“तुम्ही बघून आलात ना!”

“मी बघितलं याला काय अर्थ आहे? मी कोण?”

शेवटी शेठजींचं नाव काढलं आणि बहिणीचंही घातलं नाही. लेखात बांधणाऱ्याची जागा रिकामी राहिली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ती बाई बिचारी दगडावर असून पुन्हा गाडली गेली, असं मला वाटत होतं. त्यांनी सख्ख्या पुतण्याच्या नाटक मंडळीवरचा लेखही असाच काढायला लावला, आणि त्या वर्षी पुतण्याने त्यांना गणपतीला बोलावलं नाही. “बरं झालं, मोदक पचत नाहीत हल्ली,” म्हणाले. पण त्या दीड दिवसात त्यांनी मला अकरा वेळा फोन केला होता, प्रत्येक वेळी काहीतरी फालतू विचारायला.

घारीचं प्रकरण मात्र मीच उकरून काढलं.

लालबागच्या एका मंडळाची पन्नासेक वर्षांपूर्वीची स्मरणिका स्कॅन करताना एका पानाच्या खालच्या अर्ध्या भागात मला पंधरा ओळी सापडल्या. वर जाहिरात अगरबत्तीची, आणि खाली चौकटीत : आमच्या विभागातील गिरणी फिटर श्री. बाळा कोचरेकर यांनी स्वतः बनविलेली ‘घार’ ही शर्यतीची मोटार धावपट्टीवरील शर्यतीत प्रथम आली. टॅक्सीचं जुनं इंजिन, गिरणीच्या भंगारातले पाइप, तांबटाकडून ठोकून घेतलेला पत्रा. मी हरखूनच गेले. चाळीत राहणारा फिटर रेसिंग कार बनवतो, आणि ती सुटाबुटातल्या लोकांच्या गाड्यांना मागे टाकते! त्या दिवशी आंबेरकर आले नव्हते. मी घरी जाऊन एका बैठकीत लेख लिहिला, संदर्भ म्हणून स्मरणिका दिली, आणि त्यांना दाखवायचं म्हणून रविवारची वाट बघत बसले.

रविवारच्या आधीच पुण्याच्या एका सदस्याने लेखाला वगळण्याची पाटी लावली. एकच संदर्भ, तोही अर्ध्या पानाचा, गाडी उल्लेखनीय कशी? मी भडकले. पुण्याच्या माणसाने लालबागची गाडी उडवायची म्हणजे काय! मी लांबलचक मत लिहिलं, ‘ठेवा’. आणखी दोघांनी ठेवा म्हटलं, तिघांनी वगळा. सगळेजण आंबेरकरांची वाट बघू लागले. अशा बाबतीत त्यांचं मत आलं की वाद संपायचा.

त्यांचं मत येईना. इतर लेखांत ते स्वल्पविराम दुरुस्त करत होते, माहीमच्या कोळीवाड्याच्या लेखात चित्रं सरकवत होते, पण घारीच्या पानावर फिरकत नव्हते. मला मात्र फोन चालू. “किती झाले?” “तीन-तीन.” “बरं.” ठेवला. तासाभराने पुन्हा, “वहिनींना कोणी सांगितलं का?”

“कोण वहिनी?”

“काही नाही,” म्हणून फोन बंद.

रविवारी आले. स्मरणिका माझ्यासमोर उघडी होती. टेबलापलीकडून त्यांनी ती चौकट उलटी वाचली, एकदा, दोनदा, आणि चहाला म्हणून खाली गेले. एका तासात चार वेळा चहाला गेले. पाचव्यांदा निघाले तेव्हा दारातून म्हणाले, “अनघाबाई, उद्या सकाळी शिवाजी पार्कला या. बोलायचंय.”

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर लोक बसायला जातात. यांनी मला कट्ट्याभोवती चालायला लावलं. मी ऑफिसच्या चपलांत, ते पुढे.

“गाडी पहिली आली नव्हती,” ते म्हणाले. “शेवटची आली.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मी होतो तिथे. बाळा तेव्हा आमच्याच मजल्यावरचा, चार खोल्या सोडून. शर्यत विमानांच्या जुन्या धावपट्टीवर. आम्ही पाचजण टेम्पोत बसून गेलो होतो बघायला.”

पुढचं त्यांनी चालता चालताच सांगितलं. घार चांगली धावत होती. शेवटच्या फेरीत गियरचा दांडा तुटला आणि गाडी धावपट्टीच्या पार टोकाला थांबली. ही पोरं धावत गेली. बाळा ओरडला, “हात लावू नका! बाहेरच्याने हात लावला तर बाद!” मग एकटाच ढकलायला लागला. भर उन्हात तापलेल्या पत्र्याला हात लावून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हे पाचजण बाजूने चालताहेत, हात मागे बांधून. रेषेपाशी पोचला तेव्हा झेंडेवाला झेंडे गुंडाळून खुर्च्या मोजत होता. त्याने मान वर करून बघितलं आणि पुन्हा मोजायला लागला.

“घरी आल्यावर बाळा महिनाभर कोणाशी बोलला नाही. पाळीवरून यायचा आणि जिन्यात बसायचा. आमच्या छापखान्यात तेव्हा मंडळाची स्मरणिका चालू होती. एका दुकानदाराने आयत्या वेळी जाहिरात मागे घेतली, अर्धं पान मोकळं पडलं. मालक म्हणाले, काहीतरी भर, पानांचा फर्मा मशीनवर चढवायचाय. मी भरलं. कागदावर लिहिलंसुद्धा नाही, उभ्या उभ्या खिळ्यांतच जुळवलं. ‘शेवटी आली’ असं जुळवायला गेलो, बोटं गेली ‘प्र’च्या खिळ्यांच्या घरात.”

“आणि बाळादादा काय म्हणाले?”

“त्याने वाचलं. मग म्हणाला, ‘छापून इला म्हणजे खराच असतला.’ आणि हसला. महिन्याभरात पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी अख्खी चाळ त्याला हार घालायला आली. आम्ही पाचही जण होतो हार घालायला. फोटोसुद्धा काढला.”

घारीचं इंजिन परत टॅक्सीत बसलं. पत्रा चाळीच्या चौकात काही वर्षं पोरांना खेळायला होता, मग भंगारात गेला. बाळा कोचरेकर गेले, ते चार मित्रही गेले. चौकट तेवढी उरली, त्यांच्या पत्नीच्या, सुमनवहिनींच्या भिंतीवर, काचेत. आणि आता माझा लेख. वहिनींच्या नातवाने तो मोबाइलवर त्यांना दाखवला होता आणि वहिनींनी मजल्यावर पेढे वाटले होते.

मला रडावंसं वाटलं आणि चीडही आली. मी म्हटलं, “मग सोपं आहे. ‘प्रथम’ काढते, ‘शेवटी’ लिहिते. ढकलत आणली ते लिहिते. हे तर जास्त मोठं आहे हो!”

“संदर्भ?”

“तुम्ही.”

ते थांबले. त्यांना चालता चालता थांबलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. “मी? एकदा खोटं जुळवलं तो? खोट्याला संदर्भ आहे, बाई. खऱ्याला नाही.”

“मग गप्प राहा. चारजण ठेवा म्हणतील, लेख राहील, वहिनी खूश राहतील. कोणाचं काय बिघडतंय?”

त्यांनी अजून एक फेरी मारली आणि सरळ दादरच्या दिशेने चालते झाले, माझा निरोपही न घेता. प्याऊवरची ती बाई आणि पुतण्याचा गणपती मला तेव्हा एकदम आठवले. आयुष्यभर हा माणूस दुसऱ्यांना ‘कोणी छापलं’ विचारत होता ते का, हे कळलं, आणि मी त्यांना गप्प राहायला सांगितलं याची लाजही वाटली.

त्या दिवशी दुपारी त्यांचं मत आलं. ‘वगळा. या लेखाचा एकमेव संदर्भ मी आहे. पानावरची जागा भरण्यासाठी मी खोटा मजकूर जुळवला होता. आंबेरकर.’ संध्याकाळी लेख निघाला.

मला वाटलं होतं, आता यांना स्वस्थता मिळेल. कसलं काय! वहिनींना नातवाने एवढंच सांगितलं की लेख काढला. का ते त्यालाही कळलं नव्हतं. वहिनींनी आपल्या मनाने धरलं की हे पुण्याच्या लोकांचं काम. आंबेरकर भेटायला गेले की त्या पुणेकरांना शिव्या घालायच्या आणि हे मान खाली घालून ऐकायचे. “आज परत सांगता आलं नाही,” असा मला फोन. त्यांचं चालणं वाढलं, जेवण कमी झालं. लालबाग ते नायगाव, नायगाव ते दादर, बस समोर असली तरी चालत. उन्हाळा असा गेला.

पावसाळ्यात मंडळाच्या स्मरणिकेचं काम निघालं तेव्हा ते चिटणीसाकडे गेले आणि अर्धं पान मागितलं. शुद्धिपत्रासाठी. चिटणीस पस्तिशीचा. म्हणाला, “काका, चूक कुठल्या अंकातली?” यांनी वर्ष सांगितलं. “काका, तेव्हा माझे वडील शाळेत होते!” पण दिलं त्याने अर्धं पान. त्याच्या आजीकडून त्याने घारीची गोष्ट ऐकली होती, पहिली आल्याचीच.

आंबेरकरांचा एक नियम होता : ज्याच्याविषयी मजकूर आहे त्याला प्रूफ दाखवल्याशिवाय छापायचं नाही. त्यांनी मला बोलावलं. “तुम्ही वाचून दाखवा वहिनींना. मी वाचलं तर मधेच काहीतरी बदलेन.”

लालबागच्या चाळीचा तिसरा मजला. वहिनी दारातच मेथी निवडत बसलेल्या, ऐंशीच्या आसपासच्या, कपाळ रिकामं, आवाज खणखणीत. “ये गो, बस. ह्यो काय बसूचो नाय.” आंबेरकर गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. भिंतीवर काचेत ती चौकट होती, कागद चहाच्या रंगाचा झालेला. मी वाचायला घेतलं.

“शुद्धिपत्र. आमच्या मंडळाच्या एका जुन्या स्मरणिकेत ‘घार’ ही मोटार शर्यतीत प्रथम आली असे छापले आहे. ते चूक आहे. गाडी शेवटच्या फेरीत बंद पडली. कै. बाळा कोचरेकर यांनी ती धावपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकट्याने ढकलत आणून शर्यत पूर्ण केली. मदतीसाठी कोणाला हात लावू दिला नाही. तेव्हा पाहणारे फारसे उरले नव्हते. चुकीचा मजकूर जुळवणारा मी आहे. वसंत आंबेरकर.”

वहिनींचे हात थांबले. गॅलरीतली पावलंही थांबली. मला वर बघायचा धीर होईना.

“एकट्यान ढकलली?” वहिनी म्हणाल्या.

“हो, वहिनी,” गॅलरीतून आवाज आला.

“तरीच.” त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलू लागल्या. “त्या दिवशी घराक इलो तेव्हा हातांची सालटी गेलेली. इचारलंय, काय झाला? बोलूक नाय. आठ दिवस माझ्या हातान जेवलो. घास भरवलंय मी तेका, पोरासारखो. मगे ह्या पुस्तक इला. सगळी म्हणाली, जिकान इलो. मी म्हटलंय, जिकान इलेल्या माणसाचे हात असे कित्याक? सगळ्यांका आनंद झालेलो, म्हणान इचारूक नाय कोणाक. तेकापण नाय.”

त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि मग एकदम दाराकडे बघून कडाडल्या, “वसंता! पन्नास वर्सां माका हार घातलेलो फोटो दाखवलास! हातांचा कोण सांगतलो?”

मला वाटलं, आता हा माणूस जिना उतरून पळून जाणार. ते आत आले. वहिनींसमोर जमिनीवर, मेथीच्या काड्यांच्या बाजूला, मांडी घालून बसले. खिशातून निळी पेन्सिल काढली, माझ्या हातातलं प्रूफ घेतलं, आणि अगदी हळू विचारलं, “खयचो हात, वहिनी?”

“दोनय.”

‘ढकलत आणून’च्या पुढे त्यांनी घुसडण्याची खूण केली आणि समासात लिहिलं. अक्षर छापल्यासारखं. मग त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली. वहिनींनी मेथी पुढे ओढली. “ती चौकट रवांदे भिंतीर,” त्या म्हणाल्या. “ह्याचा पान येयत तेव्हा बाजूक लाव.”

ते उठले आणि निघाले. मी गॅलरीतून खाली वाकून बघत राहिले. पुलाखालून, सिग्नलची वाट न बघता, पांढरा शर्ट गर्दीतून स्मरणिका छापणाऱ्या छापखान्याच्या दिशेने चालला होता, डोळ्यांसमोर कागद उलटा धरून. त्यानंतर मी त्यांना बघितलं नाही. त्याच आठवड्यात सकाळच्या चहाच्या वेळी, उभ्यानेच, ते गेले.

स्मरणिका गणपतीत आली. माझ्याकडे प्रत आहे, पण ते प्रूफही मी चिटणीसाकडून मागून घेतलं. समासात निळ्या पेन्सिलीने लिहिलंय, ‘त्यांच्या दोन्ही हातांची कातडी गेली होती.’ आणि त्याच्याखाली, ‘संदर्भ : श्रीमती सुमन कोचरेकर, समक्ष.’